टाच टोचून झाल्यावर पुढे काय?

नवजात बाळांच्या तपासणीचा कार्यक्रम कुठेही सुरू झाला, की पहिला आकडा जाहीर होतो तो किती बाळांची टाच टोचून तपासणीसाठी रक्त घेतलं याचा. दुसरा असतो किती आजारांची तपासणी होते याचा. हे दोन्ही आकडे फुगवणं सोपं आहे, आणि एकाही बाळाचा मेंदू वाचला की नाही हे त्यांच्यावरून कळत नाही. अमिनो आम्लं म्हणजे प्रथिनांचे घटक. त्यांच्या जन्मजात चयापचय विकारांपुरतं, म्हणजे शरीराला ही आम्लं नीट हाताळता येत नाहीत अशा आजारांपुरतं बोलायचं, तर मोजायला हवं ते असं: जन्मानंतर किती तासांनी त्या बाळाच्या पोटात त्याच्या विकाराला योग्य असं खास दूध गेलं, आणि पुढे वर्षानुवर्षं ते खंड न पडता मिळत राहिलं का. ज्या यंत्रणेला हे दोन आकडे देता येत नाहीत, तिने तपासायच्या आजारांची यादी लांबवत नेऊ नये. हे मत कठोर वाटेल, पण या विकारांमध्ये मेंदूत काय घडतं हे पाहिलं की त्यामागचं कारण समजतं.

सर्वांत कमी वेळ देणारा आजार म्हणजे मेपल सिरप युरिन डिसीज, म्हणजेच एमएसयूडी. 1954 मध्ये मेंकिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याचं पहिलं वर्णन केलं. ल्युसीन, आयसोल्युसीन आणि व्हॅलीन या तीन शाखायुक्त अमिनो आम्लांच्या विघटनातली दुसरी पायरी या बाळांमध्ये चालत नाही. गर्भात असताना साचणारा माल आईचं शरीर नाळेवाटे साफ करत असतं. त्यामुळे बाळ जन्मतं ते उत्तम वजनाचं, खणखणीत रडणारं. पहिल्या 12 ते 24 तासांत कानातल्या मळाला जळक्या साखरेसारखा वास येऊ शकतो, पण तो कोण हुंगायला जातं? दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी बाळ चिडचिडं होतं, दूध ओढत नाही आणि लघवीत कीटोन, म्हणजे चरबी जळताना बनणारे पदार्थ, दिसू लागतात. चौथ्या-पाचव्या दिवशी ते सुस्त पडतं, मधूनच श्वास थांबतो, पाठ धनुष्यासारखी ताणली जाते, हातपाय सायकल चालवल्यासारखे हलतात. उपचार झाले नाहीत तर सातव्या ते दहाव्या दिवसापर्यंत बेशुद्धी येते आणि श्वास बंद पडतो. दहाव्या दिवशी हातात पडलेला अचूक अहवाल या बाळाच्या काहीच कामाचा नसतो.

मेंदूवरच एवढा घाला का पडतो? मेंदूच्या केशवाहिन्यांची भिंत, म्हणजे ब्लड-ब्रेन बॅरिअर, अमिनो आम्लांना सरसकट आत येऊ देत नाही. त्यांना वाहून नेणारी प्रथिनं त्या भिंतीत बसवलेली असतात. त्यांतलं एक, एलएटी-1, फेनिलॲलानिन, ल्युसीन, आयसोल्युसीन, व्हॅलीन, टायरोसीन, ट्रिप्टोफॅन, मेथिओनिन, हिस्टिडीन आणि थ्रिओनिन अशा मोठ्या उदासीन अमिनो आम्लांची एकत्रित वाहतूक करतं. एकाच खिडकीसमोर सगळ्यांची रांग, असं हे चित्र आहे. शरीरातल्या इतर अवयवांच्या पेशींपाशी या आम्लांसाठी आणखी वाटा असतात. मेंदूच्या भिंतीवरचा हा वाहक मात्र या आम्लांना इतका घट्ट धरतो, की रक्तातली पातळी निरोगी असतानाही तो जवळजवळ पूर्ण भरलेला असतो. रिकामी जागा उरतच नाही. त्यामुळे एखाद्या आम्लाची रक्तातली पातळी दहा-वीस पट झाली, की ते आत जास्त शिरतं आणि त्याच वेळी बाकीच्यांची आवक तुटते. एकाच घटनेतून विषबाधाही होते आणि उपासमारही. रक्ताच्या अहवालात फक्त पहिली गोष्ट दिसते.

एमएसयूडीत खिडकी अडवतं ते ल्युसीन. टायरोसीन कमी पोहोचल्याने डोपामिन आणि ट्रिप्टोफॅन कमी पोहोचल्याने सेरोटोनिन घटतं. त्यातच ल्युसीनपासून बनणारं कीटो आम्ल वेगळ्या वाहकाने मेंदूत घुसतं. आत गेल्यावर ते परत ल्युसीन बनताना ग्लुटामेटचा अमिनो गट खेचून घेतं. परिणामी ग्लुटामेट, ग्लुटामिन आणि गाबा, म्हणजे मेंदूतले संदेश आणि त्यांचा तोल ज्यांवर चालतो तीच रसायनं, ओसरतात. पेशींची ऊर्जानिर्मिती अडखळते, पाणी पेशींत शिरतं आणि मेंदूला सूज येते. या घडीला कुणी सवयीने पातळ क्षाराचं सलाईन लावलं आणि रक्तातलं सोडियम खाली घसरलं, तर ती सूजच जीव घेते. म्हणून उपचाराच्या सूचनांमध्ये सोडियम लिटरमागे 138 ते 145 मिलिमोल दरम्यान राखण्यावर आणि ते झपाट्याने घसरू न देण्यावर इतका भर असतो.

फेनिलकीटोन्यूरिया, म्हणजे पीकेयू, याच खिडकीचा आजार आहे, पण संथ. फेनिलॲलानिनचं टायरोसीन करणारं एन्झाइम काम करत नाही. निरोगी बाळात फेनिलॲलानिनची पातळी लिटरमागे 120 मायक्रोमोलच्या आत असते, तर उपचार न झालेल्या तीव्र पीकेयूत ती 1200 च्या वर जाते. या वाहकाला सर्वांत घट्ट चिकटणाऱ्यांत फेनिलॲलानिन असल्याने स्पर्धेत तेच जिंकतं. बाळ बेशुद्ध पडत नाही, हसतं, वाढतंही. पण मज्जातंतूंवरचं मायलिन हे आवरण नीट बनत नाही आणि काही महिन्यांत विकास मागे पडल्याचं दिसू लागतं. जे दिसतं ते तोवर बरंचसं कायमचं झालेलं असतं. युरोपीय मार्गदर्शक सूचना उपचार दहाव्या दिवसाच्या आत सुरू करायला सांगतात ते यासाठीच. पातळी 360 च्या वर असलेल्या प्रत्येक बाळाला उपचार द्यावेत आणि वयाच्या बाराव्या वर्षापर्यंत ती 120 ते 360 मध्ये ठेवावी, असंही त्यांत म्हटलं आहे.

हे आकडे रक्तातले आहेत, हे मात्र विसरता कामा नये. एमआर स्पेक्ट्रोस्कोपीने, म्हणजे एमआरआयसारख्या तपासणीने, मेंदूतलं फेनिलॲलानिन थेट मोजता येतं. तसं मोजल्यावर रक्तातली पातळी सारखीच असलेल्या दोन व्यक्तींच्या मेंदूतली पातळी वेगवेगळी आढळलेली आहे. आहार न पाळताही ज्यांची बुद्धी शाबूत राहिली अशा मोजक्या व्यक्तींच्या मेंदूत ती अपेक्षेपेक्षा कमी निघाली. याचा अर्थ रक्ततपासणी निरुपयोगी आहे असा नाही. रोजच्या उपचारासाठी तेच साधन आपल्या हाती आहे. पण ‘पातळी आटोक्यात आली, बाळ सुरक्षित’ हे समीकरण दर वेळी खरं नसतं.

याचं सर्वांत बोचरं उदाहरण टेट्राहायड्रोबायोप्टेरिनच्या कमतरतेचं. वाढलेलं फेनिलॲलानिन सापडलेल्या बाळांपैकी शंभरात एक-दोघांत मूळ एन्झाइम ठणठणीत असतं, पण त्याचा हा मदतनीस रेणू बनत नाही किंवा पुन्हा वापरात येत नाही. हाच रेणू डोपामिन आणि सेरोटोनिन बनवायलाही लागतो. अशा बाळाला पीकेयूचा आहार दिला तर रक्तातली पातळी सुरेख उतरते, तक्त्यावर सगळं छान दिसतं आणि मेंदू मात्र संदेशवाहक रसायनांवाचून खंगत राहतो. त्याला लेव्होडोपा आणि 5-हायड्रॉक्सीट्रिप्टोफॅन लागतं. म्हणून फेनिलॲलानिन वाढलेल्या प्रत्येक बाळाची टेरिन्सची (या रेणूच्या कुळातल्या पदार्थांची) आणि हा रेणू पुन्हा वापरात आणणाऱ्या डीएचपीआर एन्झाइमची चाचणी व्हायलाच हवी. ही पुढची चाचणी ज्या कार्यक्रमात नाही, त्याने पीकेयूची तपासणी करतो असं म्हणणं अपुरं आहे.

आता त्या थेंबाकडे येऊ, कारण निम्मा गोंधळ तिथेच होतो. रक्त घ्यायचं ते बाळ 24 ते 72 तासांचं असताना. त्याआधी घेतलं तर पोटात प्रथिन फारसं गेलेलं नसतं आणि पातळी वाढायच्या आतच रक्ताचा थेंब टिपलेलं कार्ड ‘नॉर्मल’ ठरू शकतं. टोचायचं टाचेच्या तळाच्या आतल्या किंवा बाहेरच्या कडेला. मधोमध नाही, कारण तिथे हाड जवळ असतं. पहिला थेंब पुसून टाकायचा. पुढचा मोठा थेंब कागदाच्या एकाच बाजूने वर्तुळात सोडायचा आणि तो मागच्या बाजूपर्यंत झिरपू द्यायचा. एकाच वर्तुळात थेंबावर थेंब टाकले की आकडा खोटा वाढतो. कागद पुरता भिजला नाही की खोटा कमी येतो. टाच पिळली तर पेशींमधलं पाणी मिसळून रक्त पातळ होतं. कार्ड आडवं ठेवून, उन्हापासून आणि हीटरपासून लांब, किमान तीन तास वाळवायचं. ओलं कार्ड प्लास्टिकच्या पिशवीत बंद केलं तर ते वायाच गेलं. बाळाला शिरेतून अमिनो आम्लं चालू असतील किंवा रक्त चढवलेलं असेल, तर तशी नोंद कार्डावर हवी. नाहीतर पहिल्या बाबतीत नसलेला आजार दिसतो आणि दुसऱ्या बाबतीत काही विकारांचा असलेला आजार झाकला जातो. यांतली एकही गोष्ट महागडी नाही. तरी यंत्रखरेदीवर जितकी चर्चा होते तितकी हे काम करणाऱ्या परिचारिकेच्या प्रशिक्षणावर होत नाही, ही खेदाची बाब आहे.

प्रयोगशाळेत त्या वाळलेल्या डागाची साधारण तीन मिलिमीटरची टिकली पाडतात आणि टँडम मास स्पेक्ट्रोमीटर काही मिनिटांत डझनावारी पदार्थ मोजतं. यंत्र अफाट आहे, पण ते वस्तुमान ओळखतं. ल्युसीन, आयसोल्युसीन, एमएसयूडीची खूण असलेलं ॲलोआयसोल्युसीन आणि अगदी निरुपद्रवी असं हायड्रॉक्सीप्रोलीन, या चौघांचं वस्तुमान त्याला सारखंच दिसतं. म्हणून ‘ल्युसीन वाढलं’ या निष्कर्षानंतर दुसऱ्या पद्धतीने अमिनो आम्लं वेगळी करून पाहावी लागतात. ॲलोआयसोल्युसीन 5 मायक्रोमोलच्या वर असेल तर निदान पक्कं होतं. मात्र या खात्रीची वाट पाहत बाळाला नेहमीचं दूध पाजत राहणं चूक आहे. नमुना घ्यायचा आणि त्याच तासाला उपचार सुरू करायचे. निदान खोटं ठरलं तर एक-दोन दिवसांच्या वेगळ्या दुधाने बाळाचं काही बिघडत नाही.

वेळ जातो तो यंत्रात नव्हे, टेबलावर. रुग्णालय आठवड्याभराची कार्डं साठवून एकदम पाठवतं. सुट्टीच्या दिवशी कुरिअर येत नाही. अहवाल तयार होतो, पण फोन उचलायला कुणी नसतं. किंवा तो पोहोचतो प्रसूतितज्ज्ञाकडे, जिथून बाळ केव्हाच घरी गेलेलं असतं. अमेरिकेतल्या संबंधित सल्लागार समितीने 2015 मध्ये सुचवलं, की नमुना घेतल्यापासून 24 तासांत प्रयोगशाळेत पोहोचावा आणि घाईच्या आजारांचे निष्कर्ष बाळ पाच दिवसांचं होण्याच्या आत कळावेत. एमएसयूडीसाठी पाचवा दिवससुद्धा उशिराचा आहे, हे वर पाहिलंच. म्हणून प्रत्येक कार्यक्रमाने चार कालावधी नोंदवून जाहीर करावेत: जन्म ते नमुना, नमुना ते प्रयोगशाळा, प्रयोगशाळा ते फोन आणि फोन ते पहिलं विशेष दूध. तेही सरासरीने नव्हे. सरासरीत सोमवारचं बाळ शनिवारच्या बाळाला झाकून टाकतं. सर्वांत उशीर झालेल्या बाळांचे तास आणि त्या उशिराचं कारण सांगायला हवं.

कार्यक्रम कितीही चोख असला तरी काही बाळं अहवालाआधीच आजारी पडणार. जन्मतः ठीक असलेलं बाळ दोन-तीन दिवसांनी सुस्त झालं की बहुतेक ठिकाणी जंतुसंसर्ग धरून प्रतिजैविकं सुरू होतात. ती सुरू करावीतच. पण त्याच वेळी, उद्यावर न ढकलता, अमोनिया, रक्तवायू, साखर, लघवीतले कीटोन, रक्तातली अमिनो आम्लं आणि लघवीतली सेंद्रिय आम्लं यांचे नमुने जायला हवेत. नवजात बाळाच्या लघवीत कीटोन सहसा सापडत नाहीत. सापडले तर चयापचयाचा विकार आहे असंच धरून चालावं. अमोनियाचा नमुना रक्त आपोआप वाहत असताना घ्यायचा, लगेच बर्फात ठेवायचा आणि तडक तपासायचा. रेंगाळला की आकडा आपोआप चढतो आणि मग खऱ्या वाढीवरही कुणी विश्वास ठेवत नाही. युरिया चक्राच्या, म्हणजे अमोनियाचा युरिया करणाऱ्या यंत्रणेच्या, विकारांत हाच अमोनिया मेंदूतल्या ॲस्ट्रोसाइट या आधार देणाऱ्या पेशींमध्ये ग्लुटामिन बनून साचतो आणि पेशी फुगतात. अमोनिया 150 मायक्रोमोलच्या वर गेला तर नवजात बाळाला हे विकार शोधू शकणाऱ्या केंद्रात हलवायची वेळ झालेली असते.

उपचाराबद्दल एक गैरसमज फार घट्ट बसला आहे: प्रथिन बंद केलं की झालं. प्रथिन बंद करून बाळाला नुसतं ग्लुकोजवर ठेवलं तर सुरुवातीचे तास निभतात, पण त्यानंतर शरीर स्वतःचे स्नायू मोडायला लागतं. स्नायूंच्या प्रथिनाचा ढोबळमानाने दहावा भाग ल्युसीन असतो. म्हणजे बाहेरून बंद केलेली आवक आतून सुरू होते. ल्युसीन उतरवण्याची खरी वाट म्हणजे ते नव्या प्रथिनात बांधून टाकणं. त्यासाठी नेहमीच्या गरजेच्या सव्वा ते दीडपट उष्मांक आणि ल्युसीन सोडून बाकीची सगळी अमिनो आम्लं लागतात. इथेच आणखी एक सापळा आहे. शाखायुक्त आम्लं वगळलेला फॉर्म्युला, म्हणजे खास दूध, सुरू केलं की ल्युसीनच्या आधी आयसोल्युसीन आणि व्हॅलीन तळाला जातात. ती संपली की प्रथिनाची बांधणी थांबते आणि ल्युसीन आहे तिथेच अडकून राहतं. शिवाय व्हॅलीन-आयसोल्युसीन कमी म्हणजे मेंदूच्या खिडकीपाशी ल्युसीनला प्रतिस्पर्धीही कमी. म्हणून संकटाच्या काळात ही दोन्ही वेगळी द्यावी लागतात, प्रत्येकी दर किलोला दिवसाकाठी 20 ते 120 मिलिग्रॅम, आणि रोजच्या मोजणीनुसार मात्रा बदलावी लागते. ल्युसीन 24 तासांत 750 मायक्रोमोलने खाली यावं हे लक्ष्य. ते जमत नसेल किंवा मेंदू फारच बाधित असेल तर हिमोडायलिसिस. आणि ल्युसीन शून्यावर नेऊनही चालत नाही, कारण वाढीला तेही लागतं.

हे सगळं दोन साध्या डब्यांवर अवलंबून आहे: शाखायुक्त आम्लं वगळलेला फॉर्म्युला आणि सुट्या आयसोल्युसीन-व्हॅलीनची पावडर. हे डबे रुग्णालयाच्या औषधभांडारात आधीपासून ठेवलेले नसतील, तर निदान होऊनही ते मागवण्यात दोन-तीन दिवस जातात. शासनाच्या नोंदीत या वस्तू बहुधा ‘अन्न’ ठरतात. अन्न म्हणून त्या औषधांच्या यादीत बसत नाहीत, विम्यात बसत नाहीत, त्यांची आयात वेगळ्या खिडकीतून होते आणि खर्च कुटुंबावर पडतो. पीकेयूच्या मुलाची प्रथिनाची बहुतांश गरज याच डब्यातून भागते, कारण नैसर्गिक प्रथिनाच्या प्रत्येक ग्रॅममागे साधारण 50 मिलिग्रॅम फेनिलॲलानिन येतं. डबा संपला तर ते मूल स्वतःचे स्नायू मोडतं आणि घरात एक घासही चुकीचा न खाता त्याची पातळी चढते. जी वस्तू बंद पडल्यावर मेंदूला इजा होते तिला औषध म्हणावं. ही व्याख्या बदलण्यासाठी नवं संशोधन लागत नाही, एक अधिसूचना पुरते.

इतिहासात क्रम उलटा होता, हे लक्षात घ्यावं. फेलिंग यांनी 1934 मध्ये पीकेयू ओळखला. 1953 मध्ये हॉर्स्ट बिकेल आणि सहकाऱ्यांनी फेनिलॲलानिन काढून टाकलेल्या आहाराने एका मुलीत सुधारणा झाल्याचं दाखवलं. रॉबर्ट गथ्री यांची कागदावरच्या थेंबाची चाचणी त्यानंतर, 1960 च्या दशकाच्या सुरुवातीला आली. उपचार हाती होता म्हणून चाचणीला अर्थ आला. 1968 मध्ये विल्सन आणि युंगनर यांनी जागतिक आरोग्य संघटनेसाठी लिहिलेल्या निकषांतही हेच आहे: मान्य उपचार हवा आणि निदान-उपचाराची सोय उपलब्ध हवी. आज मात्र यंत्र आधी येतं, कारण त्याचं उद्घाटन करता येतं, आणि डब्याचा प्रश्न नंतर कधीतरी बघू म्हणून मागे राहतो.

यावर आक्षेप असा, की सगळी साखळी तयार होईपर्यंत थांबलो तर तोवर जन्मणाऱ्या मुलांचं काय? निदान तरी होऊ दे, आईवडिलांना किमान उत्तर तरी मिळेल. आक्षेप खरा आहे आणि त्यातली कळकळही. म्हणून थांबा असं आम्ही म्हणत नाही. कमी आजारांपासून सुरुवात करा आणि त्या आजारांची साखळी शेवटपर्यंत न्या, असं म्हणतो. पीकेयू यादीत घ्यायचा तर बायोप्टेरिनची चाचणी, फॉर्म्युला आणि पहिल्या वर्षी दर आठवड्याला पातळी मोजण्याची सोय त्याच अंदाजपत्रकात हवी. उपचाराविना नुसता अहवाल म्हणजे आईवडिलांच्या हाती काळजी देऊन दार लावून घेणं.

शिवाय प्रत्येक आजार यादीत यावाच असंही नाही. नॉनकीटोटिक हायपरग्लायसिनीमियात ग्लायसीन तोडणारी यंत्रणा बंद असते. सोडियम बेंझोएटने रक्तातलं ग्लायसीन उतरतं, झटके काहीसे कमी होतात, पण तीव्र प्रकारात मेंदूचं नुकसान टळत नाही. इथे लवकर कळल्याने निकाल बदलतो असं आज म्हणता येत नाही. निदानासाठीही पाठीच्या मणक्यातलं पाणी आणि रक्त एकाच वेळी घेऊन ग्लायसीनचं गुणोत्तर काढावं लागतं, ते 0.08 च्या वर असेल तर तीव्र आजाराकडे बोट जातं. सेरीन तयार न होण्याचे विकार अगदी उलट. लहान डोकं, आवरत नसलेले झटके आणि त्यावर सेरीनची साधी पावडर लवकर दिली तर खरा फायदा. पण जेवणानंतर रक्तातलं सेरीन नॉर्मल दिसू शकतं, म्हणून टाचेचा थेंब इथे भरवशाचा नाही. उपाशीपोटीचं रक्त आणि मणक्यातलं पाणीच बोलतं. तान्ह्या बाळाला कारण न कळणारे झटके येत असतील तर मणक्यातल्या पाण्याची अमिनो आम्लांची चाचणी व्हावी, हा नियम मास स्पेक्ट्रोमीटरपेक्षा कितीतरी स्वस्त आहे.

बाळ घरी गेल्यानंतरचा धोका म्हणजे साधा ताप. उलट्या-जुलाब झाले, खाणं थांबलं, की स्नायू मोडायला सुरुवात होते. ग्लुटारिक ॲसिड्युरिया टाइप 1 मध्ये तर जोखीम मुख्यतः पहिल्या तीन वर्षांत एकवटलेली असते. लायसीनपासून बनणारं ग्लुटारिक आम्ल मेंदूच्या आतच तयार होतं, भिंतीतून बाहेर पडू शकत नाही आणि एका तापाच्या दुखण्यात मेंदूतला स्ट्रायटम हा हालचालींवर ताबा ठेवणारा भाग कायमचा निकामी होतो. काल चालणारं मूल आज मान धरत नाही. म्हणून अशा प्रत्येक कुटुंबाकडे सहीशिक्क्याचं आणीबाणीचं पत्र हवं: नैसर्गिक प्रथिन 24 ते 48 तासच बंद, त्याहून जास्त नाही, वर्षाच्या आतल्या बाळाला 10 टक्के ग्लुकोज पॉलिमर दिवसरात्र थोडं थोडं, पोटात टिकत नसेल तर रांगेत न थांबवता शिरेतून 10 टक्के डेक्स्ट्रोज, योग्य क्षारांसह, साखर चढली तर डेक्स्ट्रोज कमी न करता इन्सुलिन. शेवटची ओळ ठळक असावी, कारण रात्रपाळीचा डॉक्टर नेमकं उलटं करतो. त्याचा दोष नाही. असं बाळ त्याने आजवर पाहिलेलंच नसतं.

यापुढचा टप्पा कार्यक्रमांच्या नजरेत येतच नाही. पीकेयू असलेली मुलगी मोठी होते, दवाखाना सुटतो, डबा बंद होतो. तिला गर्भ राहिला तर नाळ अमिनो आम्लं बाळाकडे ढकलते, त्यामुळे गर्भाच्या रक्तातलं फेनिलॲलानिन आईपेक्षाही जास्त असतं. बाळाला बहुधा पीकेयू नसतो, तरी त्याचा मेंदू त्या पातळीत घडतो. 1980 मध्ये लेंके आणि लेव्ही यांनी जुन्या गर्भारपणांच्या नोंदी एकत्र केल्या. आईची पातळी 1200 मायक्रोमोलच्या आसपास किंवा वर असताना जन्मलेल्या मुलांपैकी 92 टक्के मतिमंद होती, 73 टक्क्यांचं डोकं लहान होतं आणि 12 टक्क्यांना हृदयदोष होता. पातळी 120 ते 360 मध्ये यायला हवी ती गर्भधारणेच्या आधी, कारण पाळी चुकल्यावर चाचणी करून, वेळ घेऊन, डबा मागवेपर्यंत हृदय आकाराला आलेलं असतं. म्हणून नवजात तपासणीत सापडलेल्या प्रत्येक मुलीचं नाव नोंदवहीत तिच्या प्रजननवयाच्या अखेरपर्यंत राहावं, वयात येतानाच तिला हे स्पष्ट शब्दांत सांगितलं जावं आणि बालरोग विभागाचा निधी अठराव्या वर्षी थांबतो म्हणून तिचा फॉर्म्युला थांबू नये.